कार्डावरचं दुसरं नाव

मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
९ जून २०२५

तीर्थरूप चंपाआत्यास,
इंद्रजीतचा सप्रेम जयभीम.

पत्र बघून दचकू नको, मी धड आहे. फोन करून उपयोग नाय, तुला कमी ऐकू येतं, आणि तू तिकडून बोललीस की सगळ्या गल्लीला ऐकू जातं. फेब्रुवारीत 'नाशिकला जाऊन येतो' म्हणून निघालो, त्याला चार महिने झाले. नाशिकहून सुरत, सुरतहून नंदुरबार, तिथून एका केळीवाल्याच्या ट्रकवर बसून... ते जाऊ दे, ते भेटल्यावर. आता मी तुझ्यापासून रेल्वेनं तासाभरावर आहे.

आणि आत्या, नोकरी लागली. चितेगावला कंपनी आहे. सकाळी बस न्यायला येते, संध्याकाळी सोडते. कॅन्टीनमध्ये भाज्या दोन असतात, एक पातळ आणि एक सुकी. पगार बारा हजार. सहा महिन्यांत पर्मनंट करू म्हणालेत.

पण पत्र त्यासाठी नाय. माझा खोलीतला दोस्त सुरेंदर, बिहारचा आहे, त्याच्यासोबत परवा सेतू केंद्रात गेलो होतो. तिथं भिंतीवर एवढा मोठा बोर्ड. योजनाच योजना! काही इथल्या रहिवाशांना, काही बाहेरून आलेल्यांना, काही इथले असून बाहेर गेलेल्यांना. मी तो दोनदा वाचला आणि दोन्ही वेळा मला वेगळंच समजलं. कुठं पंधरा वर्षं राहिल्याचा पुरावा, कुठं जन्माचा, कुठं नवऱ्याचा. पण एक ओळ सरळ होती. निराधार. विधवा बाई, उत्पन्न नसल्यासारखं, तर महिन्याला दीड हजार खात्यात. मी सुरेंदरला म्हटलं, ही तर आमची आत्याच लिहिलीय बोर्डावर.

अर्ज भर. निराधारचा महिन्याचा पगार सुरू झाला की कांदे निवडायला जायचं बंद कर. तुझे गुडघे मला माहीत आहेत.

रविवारी येतो.

तुझा
इंद्रजीत


लासूर स्टेशन
१७ जून

चि. इंद्रजीत यास आत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. अक्षर अजून तसंच, कोंबडीनं उकरल्यागत. नाशिकला जाऊन येणारा माणूस दोन टॉवेल नेत नाय, तवाच मला कळलं होतं. पण असू दे. नोकरी लागली हे वाचून मी पत्र परत पहिल्यापासनं वाचलं. मग शेजारचा कडुबा मार्केटातनं हमाली करून आला, त्याला वाचून दाखवलं. मग समोरच्या द्वारकाबाईला. तिला भाज्यांचं दोनदा वाचून दाखवलं, तिच्या जावयाच्या कंपनीत एकच असती.

तू म्हणतोस तर अर्ज भरला. तसंही आता भरावाच लागला असता. मार्केटातल्या शेठनं मागच्या आठवड्यात सांगितलं, 'बाई, तुमचा हात मंदावला, आता तीन दिवसच येत जा.' हात मंदावला नाय, डोळे मंदावले. सडका कांदा मला बोटाला कळतो, पण डोळ्याला कळायला येळ लागतो. शेठ काय वाईट माणूस नाय. पण दिवाळीपर्यंत तो मला एकही दिवस ठेवणार नाय, हे त्याच्या तोंडावर दिसतं.

सेतूवर आपल्या आळीतला राजेंद्र बसतो, त्यानं अर्ज भरून दिला. आधार, रेशन कार्ड, माझ्या मालकांच्या मयताचा दाखला, सगळं जोडलं. तो म्हणला, आता तलाठी घरी येऊन चौकशी करणार, घरात कोण, कमावतं कोण ते लिहिणार, मग उत्पन्नाचा दाखला, मग गंगापूरला तहसीलमधे मंजुरी.

रविवारी येतो लिहिलंस. कोणत्या, ते लिहिलं नायस.

आत्या


मुकुंदवाडी
२८ जून

ती. आत्यास जयभीम.

आधी कामाचं लिहितो, नायतर विसरीन. तलाठी आला तर माझं नाव काढू नको. नोकरीचं तर अजिबात नको. मी इथल्या सेतूवाल्याला विचारलं. तो म्हणाला, रेशन कार्डावर कमावता माणूस असला की बाईला निराधार धरत नाय. त्याची कमाई घरच्या उत्पन्नात येते. म्हणजे बोर्डावर सरळ दिसणारी ओळ पण सरळ नव्हती. तू फक्त सांग, मी एकटी राहते. ते खरंच आहे की!

हे विचारता विचारता माझं स्वतःचं पण डोकं फिरलं. म्हटलं आपण इथं राहतो, तर इथलं कार्ड काढू. खिडकीवरचा म्हणाला, 'कुठले?' मी म्हटलं मुकुंदवाडीचा. आधार बघून म्हणाला, 'तुम्ही तर लासूरचे. गावाकडं नाव कमी करून दाखला आणा, आणि इथं राहताय त्याचा पुरावा आणा.' मग घरमालकीण सरूबाईंना भाडेकरार मागितला. त्या म्हणाल्या, "करार? चार जण एका खोलीत राहता, ते मी सरकारला लिहून देऊ? येडा का खुळा तू?" म्हणजे मी लासूरला नाय पण कागदावर तिथं आहे, आणि इथं आहे पण कागदावर नाय. सुरेंदर सगळ्यांत मजेत. एवढ्या लांबून आलेला, पण कार्ड बिहारचं घेऊन इथल्या रेशन दुकानात जातो, मशीनवर अंगठा ठेवतो आणि तांदूळ घेऊन येतो. वर मला म्हणतो, "तू तो यहीं का है ना भाई, फिर काहे परेशान है?" त्याला काय सांगू!

नळाला आठव्या दिवशी पाणी आलं परवा. सगळी गल्ली जागी. मी बादली लावायला गेलो तर तिथं एक म्हातारा भेटला, त्याच्याकडं पन्नास जातीची कुलपं आहेत, आणि किल्ली एकाचीही नाय. त्याच्या घरी बघायला गेलो, तेवढ्यात पाणी गेलं. सरूबाई दोन दिवस बोलल्या नाय.

तर नाव काढू नको. चौकशी होईस्तोवर मी येत पण नाय.

इंद्रजीत


लासूर स्टेशन
७ जुलै

चि. इंद्रजीत यास आशीर्वाद.

तुझं पत्र चार तारखेला आलं. तलाठी दोन तारखेलाच येऊन गेला.

पोरगाच हाय, तुझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा असंल. खुर्ची दिली तर म्हणला, "नको मावशी, ओट्यावर बसतो." मला बरा वाटला. विचारलं, "घरात कोण कोण?" मी म्हणलं, मी आन माझा इंद्रजीत. "तो कुठं असतो?" मग मी डब्यातनं तुझं पत्र काढून त्याच्या हातात दिलं. त्यानं सगळं वाचलं. भाज्यांपाशी हसला. म्हणला, "पगार किती म्हणता?" आता तू बारा लिहिलं होतंस. पण समोर द्वारकाबाई कान लावून बसलेली, तिचा जावई चौदा घेतो. मी म्हणलं, पंधरा.

त्यानं लिहून घेतलं. उठताना म्हणला, "मावशी, पोरगा नोकरदार, तुम्हाला कशाला पायजे निराधार? तुम्ही तर सुखी." मला वाटलं कौतुक करतोय. मी त्याला आणखी एक कप चहा दिला.

त्या दिवशी मी लई खुशीत व्हते. दुसऱ्या दिवशी राजेंद्रनं सांगितलं की मी स्वतःच्या हातानं स्वतःचा अर्ज उडवला. उत्पन्न एवढं लिहून गेलंय की आता दाखला मिळणारच नाय.

शेठनं आता दोनच दिवस यायला सांगितलंय.

पण मला एक कळंना. चौकशी होईस्तोवर येत नाय, असं लिहिलंस. तलाठी तर येऊन गेला. मग आता का नाय येत? कंपनीतल्या माणसाला कांदेवालीच्या घरी येताना अवघड होतं का? तसं असंल तर तसं लिही. मी काय रडणार नाय.

आत्या


मुकुंदवाडी
१४ जुलै

आत्या,

जयभीम. मोठ्या मनानं वाच. आणि कडुबाला वाचून दाखवू नको.

कंपनी नाय. होती, अकरा दिवस. ठेकेदाराकडून लागलो होतो. बाराव्या दिवशी कंपनीची बस चुकली म्हणून पैठणच्या एसटीत बसलो आणि डोळा लागला. चितेगाव मागं राहिलं, बिडकीनला जाग आली. माणसानं काय करावं? उतरावं आणि मागं फिरावं. मी म्हटलं, आता इथवर आलोच आहोत तर पैठणचं धरण बघून येऊ. धरणावर मासे धरणारे भेटले. त्यांची जाळी विणायची पद्धत बघण्यात दोन दिवस गेले. परत आलो तर गेटवर माझं नाव नव्हतं. पहिलं पत्र मी तुला त्यानंतर लिहिलं. बस खरी, भाज्या खऱ्या, फक्त त्यात मी नव्हतो.

आता सकाळी मजूर अड्ड्यावर उभा राहतो. ट्रॅक्टर येतो, ठेकेदार बोट दाखवतो, "तू, तू, और वो लंबूवाला." आठवड्यात तीनदा बोट माझ्याकडं येतं. बाकीच्या दिवशी मी शहर फिरतो. मला जुन्या शहराचे सगळे दरवाजे पाठ झालेत.

खोटं का लिहिलं? तू पत्र गल्लीत वाचून दाखवणार, हे मला माहीत होतं. चार महिने बेपत्ता असलेला पोरगा, आणि पत्रात काय, तर धरणावर मासे बघितले? तुला खाली बघावं लागलं असतं. मला काय माहीत की माझ्या मोठेपणानं तुझाच घास जाईल. त्यात तू वरून तीन हजार वाढवलेस!

सोबत एक कागद जोडलाय. 'मी इंद्रजीत, मला नोकरी नाही, मी मजूर अड्ड्यावर उभा राहतो, आधीचे पत्र खोटे आहे.' खाली सही आणि अंगठा दोन्ही केलंय, कुठलं लागेल माहीत नाय. तो तलाठ्याला दे. आणि राजेंद्रला सांगून माझं नाव कार्डावरून काढून टाक. म्हणजे वादच मिटेल.

तुझी लाज मला कधीच वाटली नाय. हे मात्र वाचून दाखवलंस तरी चालेल.

इंद्रजीत


लासूर स्टेशन
२३ जुलै

चि. इंद्रजीत यास,

तुझा कागद मी तलाठ्याला दिला नाय आन देणार नाय. माझ्या दीड हजारासाठी तू स्वतःला अड्ड्यावर उभं करून दाखवतोस, हे मला कळत नाय असं वाटलं का? तू खोटं बोलायला लागलास की लई बारीक बारीक सांगतोस. लहानपणी शाळा बुडवली की असंच. धरण काय, मासे काय, जाळं काय! कॅन्टीनला भाज्या दोन, एक पातळ एक सुकी, हे कोणी मनानं लिहीत नाय. ते खरं. तुझी नोकरी तू नीट कर. माझ्यापायी तिच्यावर पाणी सोडू नको.

राजेंद्र पण नाव काढायचंच म्हणतो. त्यानं एक अर्ज दिलाय. त्यात लिहून द्यायचं, 'सदर इसम माझ्यासोबत राहत नाही, मला सांभाळणारे कोणी नाही.' कागद घरी आणून तांदळाच्या डब्याखाली ठेवलाय. रोज तांदूळ घेताना दिसतो.

तुला एक गोष्ट ठाऊक नाय. तुझी आई गेली आन बन्सीनं, तुझ्या बापानं, तुला माझ्याकडं आणून सोडलं, तवा तू सहा वर्षांचा व्हतास. बन्सी परत आला नाय. मी तुझं नाव कार्डात घालायला गंगापूरला गेले. दोन दिवस रांगेत. मागं लोक ढकलत व्हते. खिडकीतल्यानं विचारलं, "कोण लागतो?" भाचा म्हणलं असतं तर त्यानं बापाचं कार्ड मागितलं असतं, बापाची सही मागितली असती. मी कुठून आणणार बन्सीला? मी म्हणलं, मुलगा. त्यानं वर न बघता लिहिलं, मुलगा.

कार्डावर बघ, दुसरं नाव तुझं, त्याच्यापुढं नातं. मुलगा. म्हणून तर सरकारला वाटतं, या विधवेला तेवीस वर्षांचा कमावता मुलगा हाय.

घालताना खोटं बोलले. आता काढताना खरं बोलायचं म्हणतात. ते मला जमंना झालंय.

आत्या


मुकुंदवाडी
५ ऑगस्ट

आत्या,

तुझं पत्र मी अड्ड्यावर उभ्या उभ्या वाचलं. ट्रॅक्टर आला, बोट माझ्याकडं होतं म्हणे, मला कळलंच नाय. सुरेंदर गेला माझ्या जागी.

कार्ड मी किती वेळा बघितलं असेल. रॉकेल आणायला मीच जायचो. पण नाव सोडून पुढचं कधी वाचलंच नाय. मला वाटायचं तिथं भाचा लिहिलं असेल. सतरा वर्षं सरकारला माहीत होतं आणि मला माहीत नव्हतं.

रविवारी येणार होतो, मग एक गुंता झाला, तो लिहून सांगण्यासारखा नाय.

आता माझं ऐक. मी खोटं सांगत नाय, पण तू मानत नायस, आणि मानायला लावू कसं तेही मला समजत नाय. पहिल्या पत्रावर तू डोळे झाकून विश्वास ठेवलास, खऱ्या पत्रावर ठेवत नायस. ठीक आहे. कंपनी आहे असं समज, नाय असं समज, पण मी तुझ्याजवळ राहत नाय हे तर दोन्हीकडून खरं आहे ना? तेवढंच लिहून द्यायचंय. तो कागद डब्याखालून काढ, सही कर, त्या नव्या निळ्या दाराला कुलूप लाव आणि गंगापूरची एसटी धर. दिवाळी लांब नाय.

नाव खोडल्यानं कोणी खोडलं जात नाय. असं मला वाटतं. नक्की माहीत नाय.

इंद्रजीत


लासूर स्टेशन
२६ ऑगस्ट

चि. इंद्रजीत यास अनेक आशीर्वाद.

दोन गोष्टी झाल्या.

पहिली, तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात रेशनला गेले. दुकानदारानं मशीन बघून सांगितलं, "बाई, तुमच्या कार्डावरचं पाच किलो गेल्या महिन्यात उचललंय. मुकुंदवाडीला." मी म्हणलं, कोणी? त्यानं मशीन माझ्याकडं फिरवलं. तुझा अंगठा.

दोन भाज्या मिळणारा माणूस रेशनचा तांदूळ उचलत नाय. मी तिथंच पोत्यावर बसले. मासे पण खरे, धरण पण खरं. मी तुला चोर ठरवला नाय, पण खोटारडा ठरवला, आन तू तिकडं उपाशी. पत्रात एका शब्दानं लिहिलं नायस.

दुसरी गोष्ट. दाराला निळा रंग मी यंदा एप्रिलात दिला, जयंतीच्या आधी. तू गेलास फेब्रुवारीत. मी तो कोणत्याच पत्रात लिहिला नाय. कडुबाला विचारलं तर आधी नाय नाय करत व्हता. मग म्हणला, "चंपाक्का, आलता. मार्केटात शेडच्या मागं उभा व्हता. मला म्हणला, नाव कमी केलं की परत चौकशी होणार हाय, मला तिच्याजवळ बघितलं तर वाटोळं होईल. आन गेला." म्हणजे मी कांदे निवडत बसले, आन तू मागं वीस पावलांवर. हाक मारली असतीस तरी मला ऐकू आलं नसतं म्हणा.

त्याच रात्री नाय, सकाळी उठून सही केली. गंगापूरला गेले. खिडकीत आता बाई हाय. तिनं कॉम्प्युटरमधी बघून विचारलं, "नाव कमी करण्याचं कारण?" मी म्हणलं, सोबत राहत नाय. "मुलगा ना तुमचा?" मी म्हणलं, "नाय. भावाचा पोरगा हाय." ती म्हणली, "मग सतरा वर्षं इथं मुलगा कसा?" मागं रांग व्हती. तेव्हासारखीच ढकलाढकली. मी म्हणलं, "बाई, सतरा वर्षं व्हता. आता कमी करा."

तिनं माझ्याकडं बघितलं. शिक्का मारला.

कागदावर 'मला कोणी नाही' असं छापील व्हतं. त्यातलं 'सोबत राहत नाही' तेवढं मी ठेवलं, बाकीच्यावर तिच्यासमोर रेघ मारली. म्हणलं, हे खोटं हाय, याच्यावर सही करत नाय. तिनं चालवून घेतलं.

नाव कमी केल्याचा दाखला सोबत पाठवते. माझ्या पगारासाठी माझा हात उठत नव्हता. पण तूच लिहिलं व्हतंस, या दाखल्यावाचून तुला तिथलं कार्ड मिळत नाय. म्हणून उठला. तू इथला नायस, तर निदान कुठला तरी हो.

आता परत चौकशी हाय. तोवर येऊ नको. यायचं तर मी सांगीन तवा ये.

आत्या


मुकुंदवाडी
६ सप्टेंबर

आत्या, जयभीम.

दाखला मिळाला. प्लास्टिकमध्ये घालून भिंतीला लावलाय. सुरेंदर म्हणतो, "सर्टिफिकेट है क्या?" मी म्हटलं हो, पहिलंच.

हाक मारली होती. एकदाच. 'आत्या' म्हणून. तू कांदा उलटा करून बघत होतीस. मग म्हटलं, बरं झालं.

सरूबाई करार द्यायला तयार झाल्या. मी त्यांच्या टाकीत पाणी भरायचं मान्य केलंय, पाणी येईल त्या दिवशी. कुलूपवाल्याकडं आता बघत पण नाय. बघतो, पण लांबून.

तू सांगशील तेव्हा येतो. सांगितल्याशिवाय नाय.

इंद्रजीत


लासूर स्टेशन
१२ नोव्हेंबर

चि. इंद्रजीत यास अनेक आशीर्वाद.

मंजुरीचं पत्र आलं. राजेंद्रनं वाचून दाखवलं, मग मी स्वतः वाचलं. पहिला हप्ता खात्यात आलाय. शेठकडं गेले आन सांगितलं, उद्यापासनं येत नाय. तो म्हणला, "आता कुठं तुमचा हात बसला व्हता." हसला, मीबी हसले.

चौकशी झाली ती तुला सांगायची राहिली. तोच तलाठी. या वेळी मी पत्राचा डबा माळ्यावर टाकला व्हता. त्यानं आळीतल्यांना विचारलं. कडुबानं सही केली की पोरगा इथं राहत नाय. ते खरंच हाय. पण द्वारकाबाईनं कमाल केली. तलाठ्यानं विचारलं, "तुम्ही त्याला कधी बघितलंय?" तर म्हणली, "कोणाला? मी तर असला पोरगा कधी बघितलाच नाय." जिच्या खिडकीची काच तू दोनदा फोडलीस! तलाठी म्हणला, "मावशी, अहो मी त्याचं पत्र वाचलंय." तर ती म्हणली, "मग तुम्ही वळखता, मी नाय." मी तिला नंतर बोलले, एवढं खोटं कशाला? तर म्हणली, "तू पंधरा म्हणलीस तवा मी बोलले का काही?"

आता सगळ्या आळीला तुझी आठवण झालीय. कडुबा म्हणला, "ये म्हण त्याला. आम्ही बघत नाय."

म्हणून सांगते. पुढच्या रविवारी ये. कोणता रविवार ते लिहिते, २३ तारखेचा.

आत्या


(पोस्टकार्ड)

मुकुंदवाडी
१८ नोव्हेंबर

श्रीमती चंपाबाई, लासूर स्टेशन, यांस.

सप्रेम जयभीम. हे कार्ड उघडं असल्यामुळे कोणीही वाचावं, हरकत नाही. आपली माझी ओळख नाही. तरी कळवण्यास आनंद होतो की रविवार दि. २३ रोजी सकाळच्या गाडीनं एक अनोळखी माणूस आपल्या निळ्या दारात येईल. त्याला कांदा चिरलेला नको, बुक्कीनं फोडलेला लागतो, हे आपल्याला ठाऊक असण्याचं कारण नाही. आपल्या कानाशी तोंड नेऊन तो काही बोलला, तर राग मानू नये. आपल्याला लांबून हाक मारून ऐकू येत नाही, हे त्याला कुठूनतरी कळलेलं आहे.

त्या माणसाला गाडीत डोळा लागून पुढं जाण्याची सवय आहे. त्यामुळे मुकुंदवाडी ते लासूर तो दारात उभा राहून येणार आहे. जागा असली तरी बसणार नाही.

आपला,
कोणी नाही